जाईबाई चौधरींची शाळा आणि आपल्या लेकी

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मी काही वक्ता नाही. गिरणी कामगार माणूस. शाळा आठवीपर्यंत झाली. बाकी जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून शिकलो. त्यामुळे माझ्या बोलण्यात पुस्तकातली भाषा आणि घरची भाषा यांची मिसळ होते. ती तुम्ही चालवून घ्याल, ही खात्री आहे.

आजचा विषय आयोजकांनी दिला, ‘मुलींचे शिक्षण’. विषय ऐकून काही जण मनात म्हणाले असतील, हे तर दरवर्षीचंच आहे. खरं आहे ते. दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंच्या फोटोला हार घालतो, मुली नऊवारी नेसून भाषण करतात, पेढा वाटला जातो आणि आपण घरी जातो. माईंनी १८४८ साली जोतीरावांसोबत पुण्यात मुलींची शाळा चालवली, शेण-दगड सोसले, हे आपल्या लेकराबाळांना पाठ आहे. ते पाठ असायलाच पाहिजे. पण पुणे आपल्यापासून लांब आहे. म्हणून आज मी तुम्हाला आपल्याच भागातली एक बाई सांगणार आहे. समुद्रपूर ओलांडून गिरडच्या वाटेने पुढे गेलं की उमरेड लागतं. त्या उमरेडची ही लेक. तिचं नाव जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, महार कुटुंबातला. १८९६ साली मोठा दुष्काळ पडला. गावात खायला नाही, काम नाही. जसे आपले आजे-पणजे पोटासाठी गाव सोडून गिरणीच्या गावाला आले, तसे जाईबाईंचे घरचे नागपूरला आले. १९०१ साली तिचं लग्न बापूजी चौधरी यांच्याशी झालं. म्हणजे वय किती? नऊ वर्षं. समोर बसलेल्या चौथीच्या मुलींकडे एकदा पाहा, म्हणजे नऊ वर्षं केवढी असतात ते कळेल.

सासरही गरीबच. मग ही मुलगी हमालीला लागली. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझं वाहून न्यायचं. नागपूर-कामठी अंतर आहे नऊ-दहा मैल. आपण ऑटोत बसलो तरी कंबर धरते. ती डोक्यावर बोजा घेऊन पायी जायची, उन्हातान्हात. अशा बाईला अक्षर शिकवावं असं त्या काळात कोणाच्या मनात येणार? ते आलं मिस ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईच्या मनात. तिने जाईबाईंची शिकण्याची सोय केली. पुढे मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून काम दिलं. पगार महिना चार रुपये. ओझं उचलणारे हात पाटीवर अक्षर काढायला शिकवू लागले.

इथे गोष्ट सुखाने संपली असती तर मी ती सांगितली नसती. झालं असं, की पालकांना कळलं, ही नवी बाई अस्पृश्य आहे. झालं! लोक बिथरले. मुलांना शाळेत पाठवीनात. विद्या तीच, पाटी तीच, शिकवणंही तेच. फक्त शिकवणारीची जात आडवी आली. जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली.

आता विचार करा. अशा वेळी माणूस काय करतो? कपाळाला हात लावून पुन्हा हमालीला जातो, नाही तर आयुष्यभर शिव्या देत बसतो. जाईबाईंनी १९२२ साली नागपूरच्या नवी वस्तीत आपल्या मुलींसाठी स्वतःच शाळा काढली. संत चोखामेळ्याच्या नावाने ती कन्या शाळा सुरू झाली. तेव्हा त्यांचं वय होतं तीस. तुमच्या शाळेत आमच्या हातची विद्या विटाळते काय? मग आमची शाळा आम्ही काढतो, असा तो जबाब होता. नागपुरात आजही त्यांच्या नावाची शाळा आहे.

शाळा काढणं म्हणजे नुसतं खोली घेऊन फळा टांगणं नव्हे. त्या वस्तीतल्या मुली तेव्हा रिकाम्या थोड्याच बसल्या होत्या! कोणी लहान भावंड सांभाळायची, कोणी शेण्या थापायची, कोणी आईसोबत कामाला जायची. मुलगी शाळेत बसली की घरातले दोन काम करणारे हात कमी होणार. म्हणजे जातीचा जाच बाहेर होता, आणि घरातली अडचण घरात होती. मुलीच्या वाटेत ही दोन दारं होती, एक बाहेरचं आणि एक घरचं. माझं आजचं सगळं बोलणं या दोन दारांबद्दल आहे.

बाहेरच्या दाराला धडका देणारी जाईबाई एकटी नव्हती आणि पहिलीही नव्हती. फुल्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजाची मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची. शाळेत जाऊन उणीपुरी तीन वर्षं झालेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे दुःख त्या मुलीने छापील कागदावर मांडलं. तीन वर्षांच्या शिक्षणात एवढी हिंमत येते! म्हणून तर मुलींना शिकू देत नव्हते.

आपल्या विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांनी जाईबाईंच्या आधीपासून हे काम चालवलं होतं. त्यांच्या पत्नी तुळसाबाई त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. १९२० साली राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला बहिष्कृतांची परिषद भरली, त्या वेळी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न बोलला गेला. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांसमोर वेगळं भाषण केलं आणि मुलांसारखंच मुलींनाही शिकवा, हे बजावून सांगितलं. जाईबाईंची शाळा त्याच्याही पाच वर्षं आधीची, हे लक्षात ठेवा. आपली माणसं बाबासाहेबांच्या चळवळीत रिकाम्या हाताने आली नव्हती. स्वतःची शिदोरी घेऊन आली होती.

आता आपल्या वर्धा जिल्ह्याची गोष्ट. १९३७ सालचा ऑक्टोबर महिना. वर्ध्याला देशभरातले शिक्षणाचे जाणकार जमले होते. गांधीजी अध्यक्ष. सात वर्षांचं शिक्षण सगळ्यांना मोफत आणि सक्तीचं मिळावं, मातृभाषेतून मिळावं, असा ठराव तिथे झाला. ठराव चांगलाच होता, नाही म्हणायचं कारण नाही. पण पुढे ऐका. दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९३७ मध्ये, नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. मोठ्या घरच्या, शिकलेल्या, पुढारलेल्या बाया. जाईबाई तिथे गेल्या. तोपर्यंत त्या पंधरा वर्षं शाळा चालवणाऱ्या बाई होत्या. त्या मंडपात स्त्री-शिक्षणावर बोलायचा अधिकार त्यांच्यापेक्षा जास्त कोणाचा असेल? पण जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं.

वर्ध्याला ठराव, आणि तिथून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटरवर शिक्षिकेचं पान वेगळं! ठराव आणि पंगत यांच्यात केवढं अंतर असतं ते यावरून दिसतं. जाईबाई आणि त्यांच्या सोबतच्या बाया मात्र गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी दलित बायांनी सभा घेऊन या अपमानाचा जाहीर निषेध केला.

आणि पुढे १९४२ साल आलं. २० जुलैला नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. मुलींच्या शिक्षणाची, सरकारी खर्चाने वसतिगृहांची मागणी त्या बायांनी केली. गिरणीतल्या कामकरी बायांचे प्रश्नही मांडले. मी स्वतः गिरणीतला असल्यामुळे हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. बाबासाहेबांनी त्या बायांना सांगितलं ते थोडक्यात असं, की लेकरांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, आणि बाईने नवऱ्याची दासी म्हणून नाही, तर मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं.

मायबाईंनो, बाहेरचं दार असं उघडलं. पुढे संविधान आलं. २००२ साली संविधानात कलम २१-क घातलं गेलं, २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराचा शिकण्याचा हक्क आता कायद्याने पक्का आहे.

जगात सगळीकडे असं नाही. पाकिस्तानात स्वात नावाच्या खोऱ्यात मलाला युसुफझाई नावाची मुलगी मुलींच्या शाळेसाठी बोलत होती. ९ ऑक्टोबर २०१२ ला शाळेच्या गाडीत शिरून तिला गोळी घातली. वय पंधरा. ती वाचली, बोलत राहिली, आणि २०१४ साली सतराव्या वर्षी तिला नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढच्या मुलींना शाळेची दारं बंद केली आहेत. तिथे बंदूक घेऊन मुलीला अडवतात. आपल्याकडे तसं कोणी अडवत नाही. मग आपल्या वस्तीतल्या मुली दहावी-बारावीनंतर घरी का बसतात? त्यांना कोण अडवतं?

याचं उत्तर मी दुसऱ्याच्या घरातून देणार नाही. माझ्याच घरातून देतो.

मला एक मोठी बहीण. चौथीत होती तेव्हा तिचं नाव काढलं. आई निंदणाला, कापूस वेचायला जायची. घरी लहान भावंडं. बाबा म्हणाले, “पोरीले शिकवून का करतं? परक्याच्या घरी जानार हाये.” ती चौथीत थांबली आणि मी आठवीपर्यंत गेलो. माझ्या वह्या तिच्या मजुरीतून आल्या, हे मला फार उशिरा उमगलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती. पाढे तिनेच मला शिकवले होते. आजही ती सही करताना अक्षर अक्षर जुळवते, आणि मला स्टेजवर बोलताना पाहून कौतुकाने पदर डोळ्याला लावते. ते कौतुक मला टोचतं.

तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं, बाबा अडाणी होते. मग माझं ऐका. मी चळवळीतला. बाबासाहेबांचे खंड वाचलेला. माझी मुलगी बारावी झाली, तिला नर्सिंगला नागपूरला जायचं होतं. त्याच सुमारास कामाचं काही खरं नव्हतं, पगार थकलेला. एक चांगलं स्थळ चालून आलं. आणि मी, सावित्रीमाईंवर भाषण देणारा माणूस, गप्प बसलो. नाही म्हणालो नाही, होही म्हणालो नाही. नुसतं म्हणालो, “पाहू, यंदा राहू दे.” अडाणी बापाने जे उघड बोलून केलं, ते शिकलेल्या बापाने गप्प राहून केलं. मुलीचं एक वर्ष वाया गेलं.

शेवटी तिची आई बोलली. ती सातवी शिकलेली. म्हणाली, “तुम्ही विहारात एक बोलता अन् घरी एक करता. पोरगीनं तुमचं भाषण आयकलं हाये, तिले आता का सांगू मी?” त्या प्रश्नापुढे मी उभा राहू शकलो नाही. मुलगी गेली, शिकली, आज नोकरी करते. पण ते गेलेलं वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही. आज हे चारचौघांत कबूल करतो, कारण इथे बसलेल्या बऱ्याच भावांच्या तोंडात तेच दोन शब्द असतील: यंदा राहू दे.

पैशाची अडचण खोटी नाही. गरिबाला ती खरीच असते. पण पुष्कळदा पैशाच्या आडून दुसरीच भीती बोलते. पोरगी बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? जास्त शिकली तर तेवढा शिकलेला नवरा कुठून आणू? ही भीती मनुवाद्यांनी आपल्या घरात येऊन ठेवलेली नाही. ती आपणच जपून ठेवली आहे.

आपण धम्म स्वीकारला तो यासाठी नाही. थेरीगाथेत पुण्णिका नावाची थेरी आहे. अनाथपिंडिकाच्या घरची दासी. कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरायची. त्या पाणी वाहणाऱ्या दासीने नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला निरुत्तर केलं. पाण्याने पाप जात असेल तर मासे आणि बेडूक सगळेच स्वर्गात जातील, असा तिचा रोकडा सवाल होता. अडीच हजार वर्षांपूर्वी पाण्याचा घडा वाहणारी पुण्णिका आणि शंभर वर्षांपूर्वी ओझं वाहणारी जाईबाई, दोघी मला सख्ख्या बहिणीच वाटतात.

दुसरं, सिगालोवाद सुत्त आपण गृहस्थांचा विनय म्हणून वाचतो. त्यात आई-बापांची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. वाईटापासून आवरावं, चांगल्याकडे वळवावं, विद्या-कला शिकवावी, योग्य ठिकाणी लग्न करून द्यावं, आणि वेळ आली की वारसा सोपवावा. क्रम नीट पाहा. विद्या तिसरी आहे, लग्न चौथं. सुत्त मुलाला धरून बोलतं, पण आपण बुद्धाची लेकरं मुलगा-मुलगी भेद करत नसू, तर हा क्रम मुलीलाही तोच. आपण मात्र तिच्या बाबतीत तिसरं सोडून थेट चौथ्यावर उडी मारतो!

आता कामाचं बोलतो, कारण नुसत्या भाषणाने कोणाची फी भरली जात नाही. आपल्या राज्यात १९८५-८६ पासून मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे. खेड्यातून येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेत. दहावीनंतर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना ती मिळते. समाजकल्याणची मुलींची वसतिगृहं आहेत. आणि तिथे नंबर लागला नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तिच्यातून राहण्या-जेवण्याचा खर्च थेट मुलीच्या खात्यात येतो. १९४२ ला नागपूरच्या मंडपात बायांनी वसतिगृहं मागितली होती, ती ही. त्यांनी मागितलेलं आपण वापरायचं नाही काय?

पण यातलं पुष्कळ हातातून जातं ते कागदांपायी. उत्पन्नाचा दाखला उशिरा काढला, जातीच्या दाखल्यावर नावात काना-मात्रा चुकला, पडताळणीचा अर्ज वेळेत टाकला नाही, ऑनलाइन फॉर्मची तारीख निघून गेली. अशा साध्या कारणाने मुलीचं वर्ष जातं. मोठ्या घरच्या मुलीला हे सांगायला मामा-काका असतात. आपल्या मुलीला विहार असला पाहिजे.

म्हणून या वर्धापन दिनी विहार समितीसमोर मी तीन मागण्या ठेवतो. पहिली, विहाराचा हॉल रोज संध्याकाळी सात ते दहा मुलींच्या अभ्यासासाठी उघडा ठेवा. दोन खोल्यांच्या घरात टी.व्ही. चालू, पाहुणे बसलेले, चूल पेटलेली. पोरीने पुस्तक उघडावं कुठे? मुलं चौकातल्या दिव्याखाली, मित्राच्या खोलीवर कुठेही बसू शकतात, मुलीला ती मोकळीक आपण देत नाही. वंदना झाली की आपण हॉलला कुलूप लावतो आणि फरशी स्वच्छ राहिली म्हणून समाधान मानतो. फरशी मळू द्या. मी पुसतो.

दुसरी, दहा वाजता मुलींना घरापर्यंत सोडायला वस्तीतल्या पुरुषांनी पाळी लावून यावं. गिरणीत आपण तिन्ही पाळ्या केल्या, ही चौथी पाळी समजा. पहिल्या आठवड्याची पाळी माझी.

तिसरी, जून-जुलैत दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दाखले आणि फॉर्म भरून देण्यासाठी आपल्यातले शिकलेले नोकरदार बंधू-भगिनी एक तास बसतील, अशी सोय करा. जे शिकून पुढे गेले त्यांनी समाजाचं हे देणं फेडावं.

खर्च किती? लाईटचं बिल आणि चार ट्यूबलाईट. जयंतीला आपण डी.जे.वर किती उडवतो, तो हिशोब मी इथे काढत नाही. तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

समोर बसलेल्या मुलींनो, तुम्हाला शेवटचं सांगतो. घरी कोणी “यंदा राहू दे” म्हणालं तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. एक प्रश्न विचारा: “पुढच्या वर्षी काय बदलणार आहे?” माझ्या मुलीने तेव्हा मला हा प्रश्न विचारला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तुमच्यातली जी पुढे जाईल, तिने मागे वळून एका तरी लहान मुलीचा हात धरावा. जाईबाईंना कोणीतरी अक्षर दिलं. त्यांनी ते स्वतःपाशी ठेवलं नाही, त्याची शाळा केली.

बाहेरचं दार आपल्यासाठी बाबासाहेबांनी आणि जाईबाईंसारख्या बायांनी उघडून ठेवलं आहे. घरचं दार मात्र आपल्यालाच आतून उघडायचं आहे. समितीच्या अध्यक्षांना विनंती, की विहाराच्या हॉलची एक किल्ली आजच, या सभेत, मुलींच्या हाती द्यावी.



जयभीम! नमो बुद्धाय!

— एक गिरणी कामगार, हिंगणघाट, जि. वर्धा